मामांची डबल बेल

माझ्या आत्याच्या यजमानांना, म्हणजे मामांना, देवाने लाज दिलीच नाही. त्यांच्या वाट्याचीही मलाच दिली असावी. नोकरीसाठी मी श्रीरामपूरला आत्याकडे राहायला आले त्याच महिन्यात मामांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नीट झालं, पण लघवीवरचा ताबा गेला. खोकले, उठले, हसले की पायजमा ओला. डॉक्टरांनी व्यायामाचा इंग्रजी कागद दिला. मामांनी तो माझ्यापुढे धरला. "तू इंग्लिश मीडियमची. वाच." चहाच्या कपाकडे बघत मी वाचलं: लघवी रोखताना आवळतो तेच स्नायू आवळा, पाच मोजा, सैल सोडा, पुन्हा पाच मोजा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा.

मामांची तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी झालेली. "मोजायचं न्हाई," त्यांनी जाहीर केलं. "शिंगल बेल म्हंजी आवळा, डबल बेल म्हंजी सोडा." तेव्हापासून घरात दिवसातून तीनदा खणखणीत "टिंग!" ऐकू यायचं, मग गाल फुगवून लालबुंद झालेली शांतता, मग "टिंग टिंग!" श्वास रोखू नका असंही कागदावर होतं, हे सांगून मी थकले. "आगं, गाडी थांबली की इंजिन बंद करावं. डिझेल वाचतं." पाहुणे बसलेले असले तरी टिंग. एकदा तर स्टँडसमोरच्या बाकावर बसणाऱ्या रिटायर मंडळींना त्यांनी माझी ओळख करून दिली, "हिनं शिकवलं मला. लाजू नका, इचारा तिला." चार म्हातारे आशेने माझ्याकडे बघू लागले. दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या गल्लीने ऑफिसला जाऊ लागले.

पण अकोल्याला त्यांच्या लेकीच्या मुलीचं बारसं झालं, तेव्हा मामा गेले नाहीत. "गुडघा धरलाय," असं त्यांनी लेकीला फोनवर सांगितलं. सगळ्या गावाला सगळं सांगणाऱ्या माणसाने लेकीपासून तेवढं लपवलं. फोन ठेवून मला म्हणाले, "तीस वर्षांत सोतासाठी गाडी थांबवली न्हाई मी. आता थांबवू व्हय?"

चौथ्या महिन्यात दोरीवरचे पायजमे कमी झाले. एका सकाळी मामा पिशवी घेऊन अकोल्याला निघाले. मी स्टँडवर सोडायला गेले. एसटीत खिडकीशी बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "पोरी, मधीच न्हाई जमलं तर?"

स्टँडवर ही गर्दी. मी जोरात ओरडले, "टिंग टिंग!"

दारातला कंडक्टर गर्रकन वळला. "ओ ताई, गाडी मी सोडायची का तुमी?"

मामा खदखदून हसले. हसता हसता एकदम थांबले, खाली पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"कोरडा!" त्यांनी अख्ख्या स्टँडला ऐकवलं.

त्याला महिना झाला. नातीला सोडून ते यायचं नाव घेत नाहीत. सकाळी घर अगदी शांत असतं, मला हवं होतं तसं. मी चहाचा कप हातात धरते आणि उगाच पाचपर्यंत मोजते.