मोठा बोर्ड घ्यायचा ठरला तेव्हा

माझा लॅपटॉप मेला तो एका आरोग्यकेंद्राचं छप्पर चढवताना. मी इमारतींची त्रिमितीय मॉडेलं करते. वास्तुविशारद कागदावर आखतात ती इमारत मी संगणकात उभी करते, म्हणजे विटेला वीट लागायच्या आधी ती आतून-बाहेरून फिरून बघता येते. पंचकुल्यातल्या एका वास्तुविशारद बाईंचं काम होतं ते, खेड्यातल्या आरोग्यकेंद्राचं. छपराच्या पन्हाळी बसवत होते, पंखा विमानासारखा घोंघावला आणि पडदा काळा झाला. मग कितीही बटणं दाबली तरी तो उठला नाही.

तोवर आमच्या घरात कधी डेस्कटॉप आला नव्हता. आमचे हे फौजेत. दर दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली, आणि घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एकच परीक्षा द्यावी लागायची: ही काळ्या ट्रंकेत मावते का? कपाटं, पलंग सगळं सरकारी. मी स्थापत्य शिकलेली, सांगलीत लग्नाआधी नोकरी केलेली. जबलपूरला काम मिळवलं, सोडलं. जोधपूरला मिळवलं, सोडलं. त्याचं फार वाईट वाटून घेतलं असंही नाही. फौजींच्या सगळ्याच बायकांचं तसं होतं. घरून करायचं काम हातात आलं ते इथे चंदीगडला आल्यावर, आणि तेही लॅपटॉपवरच सुरू झालं.

यांची ही शेवटची पोस्टिंग. निवृत्तीला वर्षभर राहिलं तेव्हा चंदीगडलगतच्या झिरकपूरचा आमचा फ्लॅट ताब्यात आला आणि आम्ही तिथे राहायला गेलो. हे रोज सकाळी चंडीमंदिरच्या छावणीत जायचे, संध्याकाळी विमानतळाच्या रस्त्यावरच्या गर्दीला शिव्या देत परत यायचे. मुलगी बारावीला. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. लॅपटॉप मेल्याचं कळल्यावर ती म्हणाली, "मम्मा, अब तो डेस्कटॉप ले लो. घर अपना है ना."

तिच्याकडूनच मी पहिले धडे घेतले. संगणकात जो भाग हिशेब करतो तो प्रोसेसर, आणि ज्या मोठ्या हिरव्या-काळ्या पाटीवर तो बसतो ती मदरबोर्ड. प्रोसेसर बसायच्या चौकोनी खाचेला सॉकेट म्हणतात. प्रत्येक सॉकेटला प्रत्येक प्रोसेसर बसत नाही. मेमरीच्या पट्ट्या कुठल्या पिढीच्या, किती लावता येतील, नंतर ग्राफिक्स कार्ड घालता येईल का, हे सगळं बोर्डावर ठरतं. प्रोसेसर बदलता येतो, बोर्ड बदलायचा म्हणजे घराचा पाया उकरण्यासारखं. हे मला लगेच कळलं. पाया मला कळतो.

एका शनिवारी आम्ही तिघंही चंदीगडच्या सेक्टर वीसच्या बाजारात गेलो. ओळीनं संगणकाचीच दुकानं. ज्या दुकानात शिरलो तिथले सरदारजी मालक पन्नाशीचे, शांत बोलणारे. त्यांनी आधी काहीच दाखवलं नाही. मला काय काम करायचं ते विचारलं. मी सांगितलं की मॉडेल करताना मशीन अडखळू नये, आणि शेवटचं चित्र तयार व्हायला अख्खी दुपार लागू नये. मग त्यांनी काउंटरवर दोन डबे ठेवले. एक लहान बोर्ड होता, त्यावर आधीच्या पिढीचा पण ताकदीचा प्रोसेसर. आज उत्तम चालेल, म्हणाले, पण या सॉकेटसाठी आता नवा प्रोसेसर यायचा नाही आणि मेमरीला दोनच जागा. दुसरा मोठा बोर्ड, नव्या सॉकेटचा. मेमरीला चार जागा, कार्डांसाठी मोकळ्या खाचा. त्यावर आत्ता मध्यम प्रोसेसर बसवायचा आणि काम वाढेल तसा पुढे मोठा.

मग त्यांनी विचारलं, "कितने साल चलाना है, जी?"

"तीन साल," हे म्हणाले.

"दस," मी म्हणाले.

दोघंही एकदमच बोललो. सरदारजींनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि चहा मागवला. मुलगी उगाच माऊसच्या खोक्यांकडे गेली. मी ह्यांच्याकडे बघत होते. आता आपलं घर, निवृत्ती उंबऱ्यात, मग हा माणूस तीन वर्षांच्या हिशेबानं का बोलतो? हे लहान बोर्डाचा डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचत बसले. त्या दिवशी आम्ही काही घेतलं नाही.

परत येताना झिरकपूरच्या पुलाआधी गाड्या खोळंबल्या होत्या. मी विचारलं, "तीन का म्हणालात?"

"असंच. तोंडातून गेलं."

सवयीनं तोंडातून गेलं असेल, असं मला मानायचं होतं.

नंतरचे काही दिवस घरात बोर्डाचीच चर्चा. ह्यांचं म्हणणं, ताकद आधी घ्यावी, वाढीचं नंतर बघू. उद्याच्या भरवशावर आजचं काम का अडवायचं? लेकीचं उलट. मी वास्तुविशारद बाईंना फोन केला, त्यांच्याकडे कुठलं मशीन आहे ते विचारलं. त्यांनी मागे लहान बोर्ड घेतला होता, मग मेमरी वाढवायची वेळ आली तेव्हा जागाच उरली नव्हती आणि सगळंच बदलावं लागलं होतं. मी ठरवलं. जेवताना सांगितलं की मी मोठा बोर्ड घेतेय. आमच्या घरात एवढी मोठी वस्तू मी एकटीनं ठरवण्याची ही पहिलीच वेळ असावी. हे म्हणाले, "तुझं काम आहे, तू ठरव." आवाजात राग नव्हता. पण वरणभात कालवून झाला तरी ते कालवतच राहिले.

पुढच्या रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून आम्ही मायलेकी कामाला लागलो. दुकानात जोडून देत होते, पण मला स्वतः जोडायचं होतं. कधीकाळी शाईच्या पेनानं नकाशे काढले आहेत, हात स्थिर आहे. आधी खिडकीच्या लोखंडाला हात लावायचा, अंगातली वीज निघून जायला. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण असतो, तो सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा आणि हातातून अलगद सोडायचा. दाबायचा नाही. तो आपोआप जागेवर बसला तेव्हा बोटांना जे कळलं ते कुंडीत रोप लावताना कळतं तसं होतं. खटका खाली केला, वर उष्णता ओढून घेणारं मलम लावलं, मग पंखा. लेकीनं वायरी ओवल्या. दुपारी साडेबाराच्या सुमाराला सगळं पेटीत बसलं होतं. हे वर्तमानपत्र वाचत होते, पण पान उलटत नव्हते.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच राहिला. बोर्डाच्या कडेला एक बारीक लाल दिवा लागला होता आणि त्याच्याखाली लिहिलेल्या अक्षरांचा अर्थ होता की दुखणं प्रोसेसरमध्ये आहे.

आम्ही तो काढला, पुन्हा बसवला. मेमरीची एक पट्टी काढून पाहिली. पुन्हा लाल दिवा. सॉकेट जुळलं म्हणजे सगळं जुळलं असंच मी धरून चालले होते. मनात आलं, लहान बोर्डच घ्यायला हवा होता. एकदा आपलं आपण ठरवलं तर हे असं. लेक हिरमुसून खुर्चीत बसली.

ह्यांनी वर्तमानपत्र ठेवलं आणि सरदारजींना फोन लावून माझ्या हातात दिला. सरदारजींनी दिव्याचा रंग विचारला आणि समजावून सांगितलं. घाबरण्यासारखं काही नाही. बोर्डाच्या पोटात एक लहानसा प्रोग्राम असतो, बायोस नावाचा. मशीन जागं होताना तो आधी प्रोसेसरला ओळखतो. आमचा बोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हा हा प्रोसेसर बाजारात आलेलाच नव्हता, त्यामुळे बसला नीट तरी बोर्डाला त्याची ओळख नाही. हे आधी तपासायला हवं होतं, म्हणाले, चूक माझी. नवा बायोस पेनड्राइव्हवर उतरवून बोर्डाच्या मागच्या एका बटणानं आत घालता येईल. मात्र ते चालू असताना लाइट जाता कामा नये. मध्येच गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो. दुकानात आणा, नाहीतर घरी करा.

बाहेर मे महिना. झिरकपूरला त्या दिवसांत लाइट केव्हा जाईल ते कुणी सांगू शकत नसे. दुकान रविवारी दुपारी बंद व्हायचं होतं. मी म्हणाले, उद्या नेऊ. पण हे उठले, खाली जाऊन सोसायटीच्या विजेच्या माणसाला भेटून आले. जनरेटर सुरू करून घेतला होता त्यांनी, सगळ्या इमारतीला, काय सांगून कोण जाणे. "कर आता," म्हणाले. "जनरेटर चालू आहे तोवर लाइट जाणार नाही."

लेकीनं पेनड्राइव्ह तयार करून मागच्या ठरलेल्या जागेत घातला, मी बटण दाबून धरलं. छोटा दिवा लुकलुकायला लागला. तो थांबेपर्यंत कशालाही हात लावायचा नव्हता. लेक पाणी आणायला आत गेली. आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंना, मध्ये उघडी पेटी. खालून जनरेटरची घरघर येत होती.

हे त्या दिव्याकडे बघतच म्हणाले, "मला निवृत्तीनंतर पुन्हा घेतायत. आसामात, तीन वर्षांसाठी. मी हो म्हणून सांगितलंय."

मी मान वर केली नाही. दुकानातली तीन वर्षं कुठून आली ते आता कळलं. म्हटलं, "मला विचारलं नाहीत."

"विचारणार होतो. दुकानात तू दहा म्हणालीस, मग जमेना." थोड्या वेळानं म्हणाले, "इथे सकाळी उठून मी काय करू गं?"

यांच्या तोंडून असा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता. ज्या माणसाला पहाटे उठून कुठे जायचं हे कायम ठाऊक होतं, तो उघड्या पेटीसमोर बनियनवर बसून मला हे विचारत होता. मला राग यायला हवा होता, आला तो थोडाच. जास्त माया वाटली. पण उत्तर मात्र माझं ठरलेलं होतं, आणि ते किती आधीपासून ठरलं होतं हे मला बोलल्यावरच कळलं.

"तुम्ही जा," मी म्हणाले. "मी येणार नाही."

त्यांनी होकारार्थी मान हलवली. जणू हेच ऐकायची तयारी करून बसले होते. लेक दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं असावं. तिनं तांब्या टेबलापासून लांब, खिडकीत ठेवला आणि येऊन माझ्या खुर्चीच्या पाठीला टेकून उभी राहिली.

दिवा लुकलुकायचा थांबला. आम्ही अजून थोडं थांबलो, खात्री म्हणून. मग मी मुख्य बटण दाबलं. पंखे फिरले, लाल दिवा लागला आणि विझला, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. त्यात प्रोसेसरचं नाव होतं, मेमरी किती ते होतं. लेक हसली. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जनरेटर बंद करायला सांगतो म्हणून खाली गेले. बराच वेळ वर आले नाहीत. मी त्यांना जाऊ दिलं.

आरोग्यकेंद्र त्याच महिन्यात पूर्ण झालं. मशीन तापलं नाही, अडखळलं नाही. वास्तुविशारद बाईंनी मग एक शाळा दिली, एक वाचनालय दिलं. हे निवृत्तीनंतर आसामला गेले. नातेवाइकांनी विचारायचं ते विचारलं. माझ्या आईला सांगलीत हे पटायला वेळ लागला. तिला वाटे, काहीतरी बिनसलंय. मी तिला सांगत राहिले की काही बिनसलेलं नाही. खरं तर पहिले काही महिने जड गेले. जेवण दोघींपुरतं करायची सवय नव्हती, भात उरायचा. मी फोनवर ह्यांना पिठलं कसं करायचं ते सांगायचे, आणि गुठळ्या झाल्या की मला पुन्हा फोन. एवढ्या वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो. तिकडची नदी, मेसमधला नवा स्वयंपाकी, गुडघा. मी इकडचं सांगे.

थंडीत ते रजेवर आले. धुक्यानं गाडी फार उशिरा पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला बसले होते, बाळंतिणींच्या दवाखान्याचं मॉडेल उद्यापर्यंत द्यायचं होतं. ह्यांनी स्वतः चहा केला, दोन कप घेऊन आले, आणि शेजारची खुर्ची ओढून बसले. हे काय आहे, म्हणून विचारलं. मी दवाखाना फिरवून दाखवला. दारातून आत नेलं, नोंदणीच्या खिडकीपाशी, मग तपासणीची खोली, मग वॉर्ड. ते लक्ष देऊन बघत होते, मध्ये एकदा मला मागे न्यायला सांगितलं.

"बाई आत गेली," ते म्हणाले, "मग तिचा नवरा कुठे बसतो?"

नकाशात त्याला जागा नव्हती. मी वास्तुविशारद बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, बघा बाहेर काही करता आलं तर. ह्यांनी कप खाली ठेवले आणि चष्मा लावला. मी पश्चिमेचं छप्पर थोडं पुढे ओढलं, त्याखाली भिंतीला लागून एक लांब बाक टाकला. हे म्हणाले, ऊन येईल दुपारी. मग आम्ही तो बाक उत्तरेकडे नेला.