आईचं ‘न्हाई’

मंडळी, आत्ताच घडलेलं सांगतो. डोकं अजून गार झालेलं न्हाई.

लकव्यानं माझ्या आईची वाचा गेली. समजतं सगळं, पण तोंडातून ‘न्हाई’ एवढंच निघतं. चहा पाहिजे असला तरी ‘न्हाई’च.

माझ्या लग्नात लांबच्या नात्यातल्या तात्यानं भर मांडवात तिची नक्कल केली. आई भरल्या ताटावरून उठली.

आज तोच तात्या पोरासाठी माझ्या बहिणीला मागणी घालायला गोरेगावात आमच्या घरी आला.

आई म्हणाली, “न्हाई.”

“वहिनीचं न्हाई म्हणजे व्हयच!” तो हसला.

आईनं त्यानं आणलेला नारळ त्याच्याच पिशवीत कोंबला अन् दार दाखवलं.

मी म्हणालो, “समजलं का तात्या? का नक्कल करून दाखवू?”

मान खाली घालून गेला. बरं झालं! वाचा गेली म्हणजे अक्कल गेली, असं समजणाऱ्याला तुमी काय केलं असतं?