पेटवे सर 'बसा' म्हणेपर्यंत

ऑथेल पेटवे सरांना चौऱ्याण्णवावं लागलं, तरी त्यांच्या कोटाच्या खिशातली लाल पेन्सिल काही निवृत्त झाली नव्हती. चर्चची पत्रिका, किराणा दुकानाची पाटी, लेकीनं पाठवलेलं वाढदिवसाचं कार्ड, सगळ्यांना त्या पेन्सिलीचे गुण मिळत. दहापैकी सातच्या वर कोणी गेल्याचं कटलर्स फेरी गावाला आठवत नाही.

एका दुपारी आर्लीन बॅटल त्या पेन्सिलीपुढे कागद घेऊन उभी राहिली. आर्लीन सत्तरीची, निवृत्त नर्स, दोन्ही गुडघे बदललेली. पण सरांच्या ओसरीवर पाय ठेवला की नववीतली. गावात काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा एक झाल्याला पंचावन्न वर्षं होत होती. मिरवणूक, सभा, जेवण असा बेत होता, आणि सरांच्या नावाची पितळी पाटी शाळेत बसायची होती. मजकूर कागदावर होता: 'या शाळेचे पहिले कृष्णवर्णीय उपमुख्याध्यापक.'

सरांनी 'पहिले'खाली रेघ मारली, 'उप'भोवती गोल काढला आणि समासात लिहिलं, ४/१०. पुन्हा लिहून आणणे.

"सर, मान आहे हो तो. 'पहिले' म्हटलं की पेपरवालेसुद्धा येतात."

"आर्लीन, जिन्यावरून ढकललेला माणूस खाली पहिला पोचला, म्हणून त्याला बक्षीस देतात का?"

मेसन ग्रोव्ह या काळ्यांच्या शाळेत सर आठ वर्षं मुख्याध्यापक होते, आणि आर्लीन त्यांच्याच हाताखाली शिकलेली. कोर्टाच्या हुकुमानं शाळा एक झाल्या, म्हणजे मेसन ग्रोव्हला कुलूप लागलं आणि सरांना गोऱ्यांच्या शाळेच्या तळघरात, बॉयलरशेजारी एक टेबल मिळालं. हुद्दा उपमुख्याध्यापक, काम पुस्तकांचे गठ्ठे बांधणं आणि बससाठी मुलांच्या रांगा लावणं. सरांनी एकवीस वर्षं त्या रांगाही टाय लावून लावल्या. शाळा एक झाल्याचं त्यांना दुःख नव्हतं. त्यासाठीच तर ते मोर्चात चालले होते, घरावर दगड झेलले होते. पण मेसन ग्रोव्ह कधी नव्हतीच, असं पाटीनं म्हणावं, हे काही घशाखाली उतरेना.

आर्लीननं कागद समारंभाच्या समितीपुढे ठेवला. महापौर ट्रूडी हॅम्ब्रिकबाई म्हणाल्या, पाटी ओतून झाली, आता कसलं शुद्धलेखन!

सभेच्या दिवशी मेसन ग्रोव्हचे दीडशे विद्यार्थी हजर होते, निम्म्यांना नातवंडांनी हाताला धरून आणलेलं. सर दारातून आत आले आणि सगळे उठले. त्या शाळेचा रिवाजच होता, हेडमास्तर आले की उभं राहायचं आणि ते 'बसा' म्हणेपर्यंत बसायचं नाही. गुडघे कडकडले, दोन-तीन काठ्या पडल्या, पण खुर्चीत कोणी उरलं नाही.

सरांनी पाटीवरचा पडदा सरकवला, मजकूर मोठ्यानं वाचला, वळले आणि गप्प राहिले.

पहिलं मिनिटभर वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. हॅम्ब्रिकबाईंनी रुमालही काढला. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी माईकवरून मंडळींना बसायची विनंती केली. कोणी हललं नाही. तिसऱ्या मिनिटाला त्या शेजारी उभ्या असलेल्या आर्लीनच्या कानाशी लागल्या.

"हे लोक बसत का नाहीत?"

"मुख्याध्यापकांनी अजून सांगितलं नाही."

"कोण मुख्याध्यापक?" बाईंनी विचारलं खरं, पण विचारता विचारताच त्यांची नजर पाटीवर गेली आणि तिथून सरांवर. मग त्या सरांजवळ गेल्या. पाटी नवी ओतू, म्हणाल्या. वर मेसन ग्रोव्हचं नाव, खाली खरा हुद्दा.

"कधी?"

"लवकरच."

"तारीख," सर म्हणाले.

बाईंनी तारीख दिली. सरांनी ती कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर लाल पेन्सिलीनं लिहून घेतली, पत्रिका घडी करून खिशात ठेवली आणि आर्लीनकडे पाहिलं.

"तू आधी बस. तुझे गुडघे नवे आहेत."

मग बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "बसा."