खड्ड्यातला नळ आणि आईच्या मनगटावरचं घड्याळ

आईच्या स्वयंपाकघराच्या दारामागे मी आठ नियमांचा कागद चिकटवला आहे. पहिल्या नियमाखाली दोन रेघा आहेत: घड्याळ काढायचं नाही, अंघोळीलाही नाही.

हे स्मार्टवॉच मी मागच्या वर्षी घेतलं. त्याच्या महिनाभर आधी आई न्हाणीघरात चक्कर येऊन पडली होती. मी सहज तिच्याकडे गेले, बाहेरून हाका मारत राहिले, आणि आतून फक्त नळाचा आवाज येत होता. बादली भरून वाहत होती. दार तोडून आत गेले तेव्हा ती फरशीवर आडवी होती, डोळे अर्धे उघडे. ती वाचली, पण माझ्याकडे राहायला आली नाही. तिचं घर तिला सोडायचं नाही आणि माझं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून घड्याळ. पाण्यात टिकतं असं खोक्यावर लिहिलेलं मी दुकानात उभी राहून वाचलं होतं. तिला सोपं जावं म्हणून पडद्यावर माझा फोटो ठेवला. फोटोला बोट लावलं की मला फोन.

त्या दिवशी मी ऑफिसात आवक-जावक नोंदवत होते. साडेअकराच्या सुमारास मोबाइल वाजला. आई.

उचलला. पाण्याचा आवाज. खूप जवळून, घोंघावत. मग काहीतरी धप्प झालं आणि फोन कटला.

मी परत लावला. घेतला नाही. तेवढ्यात तिचाच आला. पुन्हा पाणी, भांडं घासल्यासारखा आवाज, आईचा शब्द नाही. "आई, बोल. आई." शेजारचे दोघे माझ्याकडे बघायला लागले. ॲपमध्ये तिचे ठोके दिसतात, ते पाहिले. आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा होत्या.

माझी सवय अशी की घाबरले की यादी करते. पाकिटाच्या पाठीवर लिहिलं: एक, शेजारीण. दोन, डॉक्टर. तीन, रिक्षा की स्कूटर. शेजारणीने फोन उचलला नाही. पुढचं वाचायला मी थांबले नाही, साहेबांना न सांगताच निघाले.

सोलापुरात आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आईच्या नळाचे दिवस माझ्या कॅलेंडरवर लाल गोल करून असतात आणि त्या हिशेबाने पाणी दुसऱ्या दिवशी यायचं होतं. म्हणजे आज नळ नाही. मग हे पाणी कसलं? न्हाणीघर. सिग्नलला उभी असताना मला तीच फरशी दिसत होती. दिवा हिरवा झालेला मला कळलाच नाही. मागचा रिक्षावाला म्हणाला, "मावशी, जायचं हाय का हितंच राहायचं?"

आईच्या गल्लीत शिरले तर सगळा रस्ता ओला. दारादारात पाइप, मोटारींचा आवाज. नळ एक दिवस आधीच आला होता. हे दिसूनही माझा जीव भांड्यात पडला नाही, कारण आईचं दार आतून बंद होतं आणि ती ओ देत नव्हती.

शेजारीण तेलुगू बोलणारी, साड्या विणणाऱ्यांच्या घरातली. हातातला पाइप तसाच धरून ती म्हणाली, "अम्मा मागं असतील की. आत्ता तर मला ओरडत होत्या, मोटार लावू नको म्हणून."

"आत्ता म्हणजे कधी?"

ती पाइप टाकून म्हणाली, "चला ताई, आमच्या मागनं."

तिच्या परसातून बुटकी भिंत ओलांडली. आईचा नळ जमिनीखालच्या खड्ड्यात आहे, वरपर्यंत पाणी चढत नाही म्हणून. आई खड्ड्याच्या काठाला उकिडवी बसून, खांद्यापर्यंत हात आत घालून घागर उचलत होती. मला पाहून दचकली.

"तू कशी काय? ऑफिस सुटलं व्हय?"

दोन्ही हातांनी तिने घागर काठावर ठेवली, आणि तेव्हाच माझ्या पर्समधला मोबाइल वाजला. आई. ती समोर बसली होती, दोन्ही हात घागरीवर, आणि मला तिचा फोन येत होता. तिच्या मनगटावर पडदा आपोआप सरकत होता, माझा फोटो येत-जात होता. प्रत्येक थेंब त्या काचेला बोट वाटत होता.

"काढायचं न्हाय म्हणून तूच लिवलंयस," आई म्हणाली. "मी तर आंघोळीत पण हात वर धरते."

घड्याळ पुसून मी आत आणलं, तर तिने ते माझ्या हातातून घेऊन वाळावं म्हणून तांदळाच्या डब्यात पुरलं. मी काढलं, झटकलं, बंद करून पंख्याखाली ठेवलं. दुरुस्तीवाल्याने दोन दिवसांनी काचेखालची वाफ दाखवली. तांदळाची भुकटीही भोकांत गेली होती. त्याने ते साफ करून काच पुन्हा बसवली आणि एक गोष्ट शिकवली: पाण्यात हात घालण्याआधी पडद्याला कुलूप लावायचं, म्हणजे थेंबांनी काही होत नाही.

नववा नियम लिहायला मी दारामागे उभी राहिले. पाणी भरताना कुलूप लावणे. आई पाठीमागून वाचत होती.

"कुलूप लावलं की माझं बोट तरी चालंल का?"

चालणार नव्हतं. कुलूप काढायला बटण दाबून धरावं लागतं आणि चक्कर आलेल्या बाईला ते सुचणार नाही. ओल्या दगडावर वाकून बसायची तीच वेळ, पाय घसरायची तीच, आणि मी नेमकं तेव्हाच घड्याळ मुकं करायला सांगत होते. पेनाचं टोपण मी परत लावलं. ती जागा कागदावर अजून कोरी आहे.

आता असं करतो. नळ आला की आई कुलूप लावते, साध्या मोबाइलवरून मला फोन करते आणि तो मागच्या खिडकीत कोरड्यात तसाच चालू ठेवते. मी एका कानात इअरफोन घालून नोंदी करत बसते. तासभर ऑफिसात मला फक्त पाणी ऐकू येतं. घागरींच्या मध्ये ते थांबतं, तेव्हा माझा हात थांबतो. ती खोकते, शेजारणीला मोटारीवरून टोमणा मारते, आणि मी पुढची ओळ लिहिते.

"बंद केला गं नळ," असं ती म्हणेपर्यंत मी जागेवरून उठत नाही.