फुंकर न घालणाऱ्या कमलबाई

कमलबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका माठावर पहारा देत होत्या. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. कचेऱ्यांच्या पाट्यांवर ‘जिल्हा’ हा शब्द नव्या रंगात झळकत होता. आमच्या लहानशा दवाखान्याच्या नळाला मात्र दुष्काळामुळे टिपूस नव्हता. मी नायगावहून आलेली नवी नर्स, उन्हातून येऊन थेट माठाकडे गेले.

“थांब गं, ते प्यायचं न्हाई. हात धुवायचं हाय.”

आपल्या वाट्याचं प्यायचं पाणीही बाई त्यात ओततात, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र त्यांचा भयंकर राग आला होता, हे आज त्यांच्या पंच्याहत्तरीला कबूल करते.

बाई प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या. रक्तात जंतू आहेत का, हे पाहणारी ब्लड कल्चरची तपासणी त्यांच्याकडे असे. सुई टोचताना कातडीवरचे जंतू बाटलीत गेले, तर नसलेला आजार कागदावर येतो, असं त्या आम्हाला बजावत. मी मान डोलवायची.

मग उदगीरकडची एक बाळंतीण तापाने आली. आधीच्या सुयांनी तिचा हात सोलवटला होता. स्पिरिट झोंबलं, ती कळवळली. मी हातावर हळूच फुंकर घातली आणि रक्त काढलं.

बाटलीत जंतू वाढले. डॉक्टरांनी जालीम इंजेक्शनं सुरू केली, अंगावर पाजणं बंद करून बाळ आजीकडे दिलं. पलीकडच्या खोलीत लेकरू रडायचं आणि इकडे तिचा पदर भिजायचा. 

“हे रक्तातलं न्हाई, कातडीवरचं दिसतंय,” असं म्हणून बाईंनी स्वतः दुसऱ्या हाताचं रक्त घेतलं. स्पिरिट वाळेपर्यंत तिचा हात हातात धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. ती बाटली स्वच्छ निघाली. ताप उतरला होताच. बाळ आईच्या कुशीत गेलं.

“फुक मारलीस का गं?”

“हाव, बाई. लई रडत होती हो ती.”

“मग हात धरायचा. तोंड कशाला मधी? तोंडातलं जंतू पुसलेल्या कातडीवर पडत्यात.”

डॉक्टरांना मात्र बाई एवढंच म्हणाल्या, “नमुना आमच्याकडून खराब झाला.” माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही.

गेल्या वर्षी बाईंनाच ताप आला. रक्त घ्यायला आलेल्या मुलीने हात धुतले, स्पिरिट लावलं आणि ती थांबली. बाईंचा चेहरा आक्रसला. त्यांच्या उशाशी बसलेली मी नकळत पुढे वाकले, ओठांचा चंबूही झाला. बाईंनी तापातही डोळे वटारले. मी ओठ मिटले आणि त्यांचा हात धरला.

बाटली स्वच्छ निघाली, बाई घरी आल्या. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि मला असंच धाकात ठेवायला त्या पुष्कळ वर्षं असोत.