मागे बसलेल्या मावशी

माफ करा... लिहू की नको, यातच बरेच दिवस गेले. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शिवाय असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मित्र भुताखेतांचं बोलायला लागले की मी उठून जायचो. आजही तो शब्द मी वापरणार नाही. झालं तेवढं सांगतो.

मी शेवगावला एम. ए. करतो. आमचं गाव तालुक्याच्या कोरड्या भागात. हंगाम सुरू झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. आई-दादाही जातात. निघताना आई कुलूप लावते, दारावर हात ठेवते आणि म्हणते, "येते गं बाई, नीट ऱ्हा." घराशी असं बोलणाऱ्या बायांवर मी एक निबंध लिहिला होता.

मानव्यविद्यांच्या अभ्यासकांचा एक ऑनलाइन गट आहे – इतिहास, भाषाशास्त्र, समाजशास्त्र, सगळ्या विषयांचे लोक. वर्षभर मी तिथे प्रश्न विचारत होतो. उत्तर नाही, फार तर एखादा अंगठा. शेवटी गटाच्या एका ऑनलाइन बैठकीत निबंध वाचायला दहा मिनिटं मिळाली. आवडला तर गटाच्या पुस्तकात छापणार होते. पुढे पीएच.डी. करायची तर मला त्याची फार गरज होती.

होस्टेलवर नेट चालेना म्हणून सकाळीच गावी गेलो. आमच्या ओट्यावर रेंज चांगली असते. दाराला कुलूप, चावी आईकडे. दाराला पाठ टेकून बसलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

थोडं वाचलं, तोच भाषाशास्त्राच्या एका मॅडमनी थांबवलं. "एक मिनिट हं. तुमच्या मागच्या मावशी काय म्हणाल्या?"

"मॅडम, इथे कुणीच नाही."

"अहो, लाजता कशाला? पुढे बसवा त्यांना!"

सगळे हसले. इतिहासाचे एक सर म्हणाले, "मावशी, बोला तुम्ही. हा काही तुम्हाला बोलू देणार नाही!"

मग ते ऐकत राहिले... मला काहीही ऐकू येत नव्हतं. स्क्रीनवर नुसत्या माना डोलत होत्या. "वा!", "पुन्हा सांगा ना, मावशी." माझी दहा मिनिटं अशी गेली. खरं सांगतो, भीती वाटली नाही – राग आला. वर्षभर माझं ऐकायला यांच्यातल्या एकालाही वेळ नव्हता.

गटाच्या संयोजक मॅडमचा मेल आला : निबंध मावशींच्या बोलण्यासकट घेऊ, पण त्यांचं नाव आणि संमती कळवा. विचारल्याशिवाय आम्ही कुणाचं बोलणं छापत नाही. नियम बरोबरच होता. मी रेकॉर्डिंग मागवलं. त्यात माझा आवाज, त्यांचं हसणं, 'वा! वा!', आणि मध्ये लांबच लांब शांतता. तसं कळवलं, तर उत्तर – "इतकं स्पष्ट आहे की! हेडफोन बदलून पाहा."

आईला फोन केला.

"कोन मावशी? आमी समदी हिकडं कारखान्याव. चावी माझ्या कनवटीला हाय," आई म्हणाली. "तू जेवला का न्हाई?"

कॉलेजातले सर म्हणाले, "अरे, टाक कुणाचंही नाव अन् हो मोकळा. तिकडं कोण तपासायला येतंय?"

पण मला ते जमेना. जे कुणी नव्हतंच, त्याचं नाव काय लिहू? तसं कळवलं आणि चिडून गटातून बाहेर पडलो. निबंधाचा नाद सोडला.

मला याचा उलगडा तेव्हाही झाला नाही, आजही नाही. कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा. कारण परवा सेमिस्टरचा शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो, पिशवीतला बंद मोबाईल चालू केला, तर संयोजक मॅडमचा मेसेज :

"अभिनंदन, निबंध घेतला. आज सकाळच्या बैठकीला तुम्ही नव्हता, पण मावशी आल्या होत्या. सगळ्यांसमोर संमती देऊन गेल्या. नाव तेवढं सांगेनात. म्हणाल्या, 'पोराला ठाव हाय.' लवकर कळवा."