नावाचं फूल काढा

रोह्याजवळच्या वरसे गावातल्या प्रौढ साक्षरता वर्गात मी शिकवायचे तेव्हा बायका अक्षरं घरी न्यायच्या आणि मी किस्से. अक्षरं त्या आता विसरल्याही असतील, माझे किस्से मात्र वाढतच गेले.

सगळ्याचं मूळ आमचे चित्रकलेचे सर. राहायला पेणला, शिकवायला रोह्यातल्या शाळेत आणि हौसेनं आमच्या वर्गावर. कुठल्याशा पुस्तकात त्यांनी मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेच्या जुन्या पोथ्या पाहिल्या होत्या. माणसाचं डोकं, त्यातून निघालेली रेघ, रेघेच्या टोकाला त्याच्या नावातलं फूल. झालं त्याचं नाव लिहून. सर म्हणाले, आपल्याकडे निम्म्या बायकांची नावं फुलांचीच आहेत, आधी फूल काढू दे, अक्षर मागून येईल.

*

पहिल्याच दिवशी घोळ. जाई आणि जुई, एका घरातल्या जावा. दोघींच्या पाटीवर फूल अगदी सारखं. सरांनी तोड काढली, जुईनं फूल जरा लहान काढावं. जुई खूश. जाईनं मात्र पाटी खाली ठेवली. "सर, ही माझ्यापेक्षा दोन वर्सांनी मोठी हाय. फुलाला तरी खोटं बोलू देऊ नका."

*

धोंडूबाईच्या नावात फूल नव्हतं, पण तिला ते हवंच होतं. सर म्हणाले, त्या पोथ्यांत दुसऱ्या चित्राला फूल जोडूनही नावं लिहीत. मग तिनं दगड काढला आणि त्यावर फूल. पाटी भिंतीला टेकवून ती पाणी प्यायला गेली. परत येते तर पाटीला हळदकुंकू लागलेलं आणि दोघीजणी पाया पडताहेत.

ती पाटी तिनं पुसू दिली नाही. मला तिच्यासाठी दुसरी आणावी लागली.

*

कमळाबाईचं कमळ सरांनी वर्गाच्या भिंतीवर रंगवलं. तेवढ्यात निवडणूक आली आणि मतदान त्याच खोलीत. अधिकारी म्हणाले, हे पक्षाचं चिन्ह आहे, चुना मारा. मारला. कमळाबाई मत द्यायला आली ती भिंत बघून दारातच थांबली. माझं नावच पुसलंत, आता मत कोण देणार, म्हणाली. अधिकाऱ्यांनी समजूत घालत तिला यादीतलं नाव दाखवलं. तिनं यादी नीट न्याहाळली.

"यात फूल कुठं हाय?"

*

मग तपासणीला साहेब आले. वर्ग पुढे चालणार की बंद होणार, ते त्यांच्या शेऱ्यावर होतं. त्यांनी नेमकं साठी ओलांडलेल्या शेवंतीकाकूंना उठवलं आणि नवऱ्याचं नाव विचारलं. बाळारामकाकांचं नाव काकूंनी उभ्या जन्मात घेतलेलं नव्हतं. बायका पदराआड हसायला लागल्या. सरांनी काकूंना खूण केली, बोलू नका, काढा.

काकूंनी खडू घेतला. मान खाली घालून, एकेक पाकळी जीव लावून काढली. इतकं सुरेख फूल त्या वर्गात कुणी काढलं नव्हतं. साहेबांनी पाटी उंच धरली आणि मोठ्यानं वाचलं, "गुलाब. वा, श्रीयुत गुलाब."

बाळारामकाका काकूंना न्यायला येऊन दारात उभे होते.

"गुलाब कोन गो?"

काकूंनी साहेबांच्या हातातून पाटी घेतली, पदरानं स्वच्छ पुसली आणि म्हणाल्या, "चला, भात निवतोय."